अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ आणि कामगारांचे आरोग्य

कष्टकरी माणसाच्या आयुष्यात अपघात म्हटला की डोळ्यांसमोर काही ठरावीक चित्रे उभी राहतात. यंत्रात सापडलेला हात, परांचीवरून पडलेला गवंडी, भट्टीत भाजलेला मजूर. हे अपघात दिसतात, त्यांचा पंचनामा होतो, भरपाईसाठी अर्ज करता येतो. परंतु काही अपघात असे असतात की ते घडताना कोणालाच दिसत नाहीत. रक्त सांडत नाही, वेदना होत नाही, एक दिवसाची रजासुद्धा पडत नाही. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी त्यांचा परिणाम बाहेर येतो, आणि तोवर कारखाना बंद झालेला असतो, फंडाचे पैसे संपलेले असतात आणि कामगाराचे नाव हजेरीपटावरूनच नव्हे तर सर्वांच्या स्मरणातूनही गेलेले असते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणारे आजार हे अशाच अदृश्य अपघाताचे उदाहरण होय.

आपल्या समाजातील फार मोठा वर्ग गिरण्या, कारखाने, रेल्वे वर्कशॉप, गोदी, वीजकेंद्रे आणि बांधकामे यांवर राबत आला आहे. त्यातही धुळीची, घाणीची आणि ठेकेदारीची कामे बहुधा त्याच्याच वाट्याला आली. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा किंवा वकिलांचा नसून आपल्या घरादाराचा आहे, असे आम्हाला वाटते. प्रस्तुत लेखात अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे काय, तो कोठे कोठे आढळतो, शरीरात गेल्यावर काय करतो, कायदा काय सांगतो आणि आपण काय करावे, याची शक्य तितक्या सोप्या भाषेत माहिती देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे काय?

अ‍ॅस्बेस्टॉस हा काही रासायनिक कारखान्यात तयार केलेला पदार्थ नव्हे. तो जमिनीतून खणून काढलेला दगडच आहे. मात्र इतर दगड फोडले असता त्यांचे खडे आणि चुरा होतो, तर या दगडाचे कापसासारखे तंतू सुटतात. हे तंतू विणता येतात, वळता येतात, सिमेंटमध्ये कालवता येतात. ते सहजी जळत नाहीत, गंजत नाहीत, कुजत नाहीत, उष्णता व वीज अडवतात आणि ओढले तरी लवकर तुटत नाहीत. दगडाचा टिकाऊपणा आणि सुताचा लवचिकपणा एकाच वस्तूत मिळाल्याने विसाव्या शतकातील कारखानदारीला तो वरदानच वाटला.

त्याचे एकूण सहा प्रकार मानले जातात. त्यांपैकी पांढरा (क्रिसोटाइल), निळा (क्रोसिडोलाइट) आणि तपकिरी (अ‍ॅमोसाइट) हे तीन प्रकार उद्योगांत मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. आज जगात ज्याचा व्यापार चालतो तो जवळजवळ सगळा पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस होय. "निळा वाईट, पांढरा चांगला" असा प्रचार पुष्कळदा ऐकू येतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व सहा प्रकार माणसाला कर्करोग करणारे म्हणून पहिल्या गटात घातलेले आहेत. म्हणजे याबाबत शंकेला जागा नाही.

भारतात राजस्थान, आंध्र प्रदेश, तसेच आजच्या झारखंडातील चाईबासा भागात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. १९८६ साली केंद्र सरकारने नव्या खाणपट्ट्यांना परवानगी देणे थांबवले. पण खाणीतून काढणे धोक्याचे म्हणून थांबवले, तरी बाहेरून आणणे थांबले नाही. आजही रशिया, कझाकस्तान, ब्राझील यांसारख्या देशांतून दरवर्षी लाखो टन पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस आपल्याकडे येतो आणि त्याचा फार मोठा भाग सिमेंटच्या पत्र्यांत जातो.

आपल्या भागातील उद्योग आणि अ‍ॅस्बेस्टॉस

मुंबई व तिच्या परिसराचा विचार केला तर अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला नाही असा मोठा उद्योग सापडणे कठीण. घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यात अ‍ॅस्बेस्टॉसपासून माल तयार करणारे कारखाने अनेक दशके चालले. ब्रेक लायनर, क्लच प्लेट, न जळणारे कापड, दोरी, पॅकिंग, पत्रे आणि पाइप असा हा माल असे. पोत्यातून आलेला कच्चा अ‍ॅस्बेस्टॉस फोडणे, पिंजणे, कातणे, विणणे, लायनर घासणे व त्यांना भोके पाडणे ही सर्वांत धुळीची कामे. कापडाच्या खात्यात आणि घासणीच्या यंत्रांवर धुळीचे प्रमाण विशेष असते.

परंतु केवळ अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यातील कामगारालाच धोका असतो, असे समजणे चुकीचे ठरेल. ज्यांच्या कामाच्या नावात अ‍ॅस्बेस्टॉस कोठेही येत नाही, अशा कितीतरी बांधवांचा त्याच्याशी रोजचा संबंध आलेला आहे. कापड गिरण्यांतील बॉयलर आणि वाफेचे पाइप यांवर उष्णता टिकवण्यासाठी जे लॅगिंग केले जाई, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असे. औष्णिक वीजकेंद्रे, साखर कारखाने, तेलशुद्धीकरण व रसायनांचे कारखाने, वाफेची रेल्वे इंजिने या सर्व ठिकाणी हाच प्रकार. दुरुस्तीच्या वेळी जुने लॅगिंग हातोड्याने व छिन्नीने झोडपून काढायचे आणि खाली पडलेला चुरा झाडूने लोटायचा, हे काम फिटरच्या हाताखालील हेल्परचे अथवा ठेकेदाराच्या माणसाचे. पंप व व्हॉल्व्हमध्ये भरायची पॅकिंगची दोरी, भट्टीजवळ काम करणाऱ्याचे हातमोजे, वेल्डरने ठिणग्या अडवण्यासाठी लावलेला पडदा यांतही अ‍ॅस्बेस्टॉस वापरला जात असे. गॅरेजमधील मेकॅनिक ब्रेकचा ड्रम उघडून आतील काळी धूळ हवेच्या दाबाने उडवतो, तेव्हा जुन्या लायनरमधील तंतूही त्या धुळीबरोबर त्याच्या तोंडावर येऊ शकतात.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील दारूखान्यात वर्षानुवर्षे जुनी जहाजे तोडली गेली. १९८० पूर्वी बांधलेल्या जहाजांत इंजिनखाना, पाइप, भिंतींचे थर असे ठिकठिकाणी अ‍ॅस्बेस्टॉस भरलेले असे. जहाजांवर नव्याने अ‍ॅस्बेस्टॉस बसवण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी १ जानेवारी २०११ पासून पूर्ण बंदी केली आहे, परंतु तोडायला येणारी जहाजे ही जुनीच असतात. शेजारच्या गुजरातमधील अलंग येथे तर हा धंदा फारच मोठा आहे. फ्रान्सची 'क्लेमान्सो' ही विमानवाहू नौका अलंगला तोडण्यासाठी निघाली असता तिच्यातील अ‍ॅस्बेस्टॉसवरून दोन्ही देशांत वादळ उठले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रेंच सरकारला ती परत बोलवावी लागली. एका जहाजाच्या बाबतीत ही जागृती झाली. परंतु ज्यांची नावेही कोणी विचारली नाहीत, अशी कित्येक जहाजे आपल्या बांधवांनी गॅस कटर आणि उघड्या हातांनी तोडली आहेत.

आता आपल्या घरांकडे वळू. चाळ असो, झोपडपट्टी असो, खेड्यातील वस्ती असो की शाळेची खोली, सिमेंटचा नागमोडी पत्रा आपल्या परिचयाचा आहे. या पत्र्यात साधारणपणे शेकडा आठ-दहा भाग अ‍ॅस्बेस्टॉस आणि बाकी सिमेंट व इतर भर असते. स्वस्त, न गंजणारा आणि लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापणारा म्हणून गरिबाने तो घेतला, यात त्याचा दोष नाही. धड असलेला, न फुटलेला पत्रा डोक्यावर असणे आणि कारखान्यात धुळीत उभे राहणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. तेव्हा पत्र्याखाली राहणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. मात्र तो पत्रा कापला, त्याला भोक पाडले, तो घासला, फोडला किंवा जुना होऊन भुसभुशीत झाला की सिमेंटने धरून ठेवलेले तंतू मोकळे होतात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनारपट्टीतील असंख्य छपरे उडाली. अशा आपत्तीनंतर फुटक्या सिमेंट पत्र्यांचे ढीग उचलण्याचे काम लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे उघड्या हातांनी करतात, आणि ते तुकडे वाटेवरच्या चिखलात भर म्हणूनही टाकले जातात. हे टाळले पाहिजे.

शरीरात गेल्यावर काय होते?

साधी धूळ नाकातील केसांत आणि घशातील ओलाव्यात अडकते. आपण शिंकतो, खोकतो आणि ती बाहेर पडते. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू मात्र माणसाच्या केसाहून कितीतरी पटींनी बारीक असून लांबट असतो. तो हवेत तासन्‌तास तरंगतो आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या अगदी शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो. तेथे शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळण्याचा प्रयत्न करतात. पण तंतू पेशीपेक्षाही लांब असल्यामुळे त्याला गिळता येत नाही आणि दगड असल्यामुळे तो विरघळतही नाही. झटापटीत पेशीच मरते, तिच्यातील दाहक द्रव्ये आजूबाजूला पसरतात, मग दुसरी पेशी येते आणि तीही मरते. ही झटापट वर्षानुवर्षे चालते. कामगाराने कारखाना सोडला तरी तंतू त्याला सोडत नाहीत, हे या आजाराचे मर्म आहे.

यातून प्रामुख्याने पुढील आजार होतात.

पहिला, अ‍ॅस्बेस्टॉसिस. सततच्या दाहामुळे फुफ्फुसाच्या मऊ स्पंजासारख्या भागात जखमेच्या व्रणासारखे कठीण जाळे तयार होते. फुफ्फुस फुगत नाही, प्राणवायू रक्तात उतरत नाही. आधी जिना चढताना दम लागतो, मग सपाटीवर, शेवटी अंथरुणावरही. कोरडा खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते, काहींच्या बोटांची टोके गोलाकार सुजतात. हा आजार बहुधा दहा-वीस वर्षांच्या धुळीनंतर दिसू लागतो. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही.

दुसरा, फुफ्फुसाचा कर्करोग. येथे विडी-सिगारेटचा संबंध नीट समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत लॅगिंगचे काम करणाऱ्या कामगारांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रदीर्घ अभ्यासात असे आढळले की, दोन्हीपासून दूर असलेल्या माणसाच्या तुलनेत फक्त अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेल्यांना या कर्करोगाने मृत्यूचा धोका सुमारे ५ पट, फक्त धूम्रपान करणाऱ्यांना सुमारे ११ पट, आणि दोन्ही असणाऱ्यांना ५० पटींहून अधिक होता. म्हणजे दोन संकटांची येथे बेरीज होत नाही, जवळजवळ गुणाकार होतो. म्हणून ज्यांनी पूर्वी धुळीत काम केले आहे त्यांनी विडी सोडणे हा उपदेश नव्हे, उपचारच समजावा.

तिसरा, मेसोथेलिओमा. फुफ्फुसावर किंवा पोटातील अवयवांवर जे पातळ आवरण असते त्याचा हा कर्करोग. एरवी तो अत्यंत विरळ आहे, आणि झाला तर त्यामागे बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसच असतो. धुळीशी पहिला संबंध आल्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी तो उद्‌भवतो. याला फार मोठ्या प्रमाणात धूळ लागतेच असे नाही.

याशिवाय स्वरयंत्राचा व स्त्रियांमध्ये बीजांडकोशाचा कर्करोगही अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होतो, हे सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कामाच्या ठिकाणी झालेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या संसर्गामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात.

हे ज्ञान काही कालपरवाचे नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अ‍ॅस्बेस्टॉस कातणारी नेली केरशॉ ही कामगार स्त्री १९२४ साली वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी वारली आणि डॉ. कुक यांनी तिच्या फुफ्फुसांची तपासणी करून ती हकिगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. १९३० साली ब्रिटिश सरकारच्या तपासनिसांनी कामगारांची पाहणी केली आणि १९३१ साली तेथे धूळ-नियंत्रणाचे नियम झाले. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत खाणीत कधीच न उतरलेली, केवळ खाणींच्या परिसरात राहिलेली माणसेही होती. १९६५ साली लंडनमधील अभ्यासात कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या स्त्रियांनाही हा रोग झाल्याचे आढळले. या सगळ्या तारखा देण्याचा हेतू एवढाच की, आपल्याकडे पुढील काळात जे कारखाने चालले ते अज्ञानाच्या अंधारात चालले, असे कोणी म्हणू नये.

निदान का होत नाही?

मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली व तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी शेकडा बावीसच्या आसपास लोकांना अ‍ॅस्बेस्टॉसिस झालेला आढळला. त्याच लेखात त्यांनी नमूद केले की, देशात अंदाजे एक लाख कामगारांचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध येत असताना तोवर तिसाहून कमी जणांना नुकसानभरपाई मिळाली होती. एक लाख कोठे आणि तीस कोठे! हा फरक आजार नसल्यामुळे पडलेला नाही, तर आजाराची नोंद न झाल्यामुळे पडलेला आहे.

याची कारणे समजून घ्यावीत. खोकला आणि दम म्हटला की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो. तो घेणे चूकही नाही, कारण क्षय आपल्याकडे आहेच. पण थुंकीत जंतू सापडत नाहीत, क्षयाची औषधे घेऊन गुण येत नाही, तरी रुग्ण "जुना टी.बी." म्हणून वर्षानुवर्षे हिंडत राहतो. दुसरे म्हणजे, "तुम्ही काय काम करता, आणि त्यापूर्वी काय करत होता?" हा साधा प्रश्न दवाखान्यात विचारला जात नाही. तिसरे, कामगार स्वतःही सांगत नाही. नोकरी जाईल ही भीती असते आणि सोडून वीस वर्षे झालेल्या कामाचा आजच्या दम्याशी काही संबंध असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. चौथे, बदली व ठेक्याच्या कामगाराकडे आपण तेथे काम केले याचा कागदच नसतो. पाचवे, असे प्रमाणपत्र दिले की भरपाईचा प्रश्न उभा राहतो, त्यामुळे ते देण्याची टाळाटाळ होते.

कायदा काय सांगतो?

कामगाराचे आरोग्य ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हा विचार आपल्या देशात कायद्यात उतरला, त्यामागे मोठा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याविषयी अहवाल दिला आणि त्या पायावर १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला. पुढे राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात, कामगार स्त्री-पुरुषांच्या आरोग्याची व शक्तीची पिळवणूक होऊ नये, हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व म्हणून घालण्यात आले.

या तत्त्वांचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या संबंधात महत्त्वाचा निकाल दिला. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने ही याचिका केली होती. न्यायालयाने म्हटले की, नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही आरोग्य व वैद्यकीय मदत मिळणे हा कामगाराचा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. या निकालातील प्रमुख आदेश असे: प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवावी, हवेतील तंतू मोजण्याची योग्य पद्धत वापरावी, विमा योजनेत न येणाऱ्या कामगारांचाही विमा उतरवावा, आणि याचिकेतील ज्या कामगारांना हा आजार असल्याचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेच्या तपासणीत ठरेल, त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये भरपाई द्यावी. २०११ साली अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घालण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही, परंतु १९९५च्या आदेशांचे पालन झालेच पाहिजे, असे बजावले.

कारखाने कायदा, राज्य कामगार विमा कायदा आणि १९२३चा भरपाई कायदा यांत अ‍ॅस्बेस्टॉसिस हा व्यवसायजन्य रोग म्हणून नमूद होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. या बदलाने कलमांचे आकडे बदलले, पण व्यवसायजन्य रोगांच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉसिस नव्या संहितांतही आहे, हे कामगारांनी व त्यांच्या संघटनांनी ध्यानात ठेवावे. "जुना कायदा गेला, आता काही मिळत नाही" असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

जगाचा विचार करता पन्नासहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. युरोपीय संघात २००५ पासून, दक्षिण आफ्रिकेत २००८ पासून आणि शेजारच्या नेपाळमध्ये २०१५ पासून बंदी आहे. एकेकाळी आपल्याला अ‍ॅस्बेस्टॉस विकणाऱ्या कॅनडानेही २०१८ साली त्याचा वापर बंद केला. त्या देशांतही घरांना छपरे आहेत आणि गाड्यांना ब्रेक आहेत. म्हणजे पर्याय आहेत. सेल्युलोज वा कृत्रिम धाग्यांचे सिमेंट पत्रे, रंगवलेले धातूचे पत्रे, कौले, अ‍ॅस्बेस्टॉसविरहित लायनर हे सर्व आज बाजारात मिळते. प्रश्न आहे तो किमतीचा आणि इच्छाशक्तीचा.

आपण काय करावे?

ज्यांनी पूर्वी अशा ठिकाणी काम केले आहे, त्यांनी आपल्या कामाचा इतिहास एका कागदावर लिहून काढावा. कोणता कारखाना, कोणते खाते, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणते काम, धूळ कशाची. सोबतच्या दोन-तीन सहकाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत, कारण पुढे तेच साक्षीदार असतात. ओळखपत्र, पगाराची पावती, विम्याचे कार्ड, फंडाचा हिशेब, जुने एक्स-रे यांपैकी काहीही टाकून देऊ नये. घरातील मंडळींनी साफसफाई करताना हे कागद रद्दीत घालू नयेत.

डॉक्टरांकडे गेल्यावर दम किंवा खोकला सांगण्यापूर्वी आपले काम सांगावे. छातीचा एक्स-रे आणि फुंकण्याची चाचणी, म्हणजे फुफ्फुसाची क्षमता मोजणे, या दोन गोष्टी कराव्यात. डॉक्टरांना गरज वाटल्यास सी.टी. स्कॅन करावा. विमा योजनेत असलेल्यांनी विम्याच्या रुग्णालयात आपली कामाची माहिती लेखी नोंदवण्याचा आग्रह धरावा. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे आणि राज्य शासनाचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. तेथे संघटनेमार्फत अथवा गटाने अर्ज करावा. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, तर पंचवीस जणांच्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

जे आजही धुळीत काम करतात त्यांनी तोंडाला बांधलेल्या रुमालावर भिस्त ठेवू नये. कापडाच्या विणीतून हा तंतू सहज आत जातो. खरा उपाय म्हणजे धूळ उडूच न देणे. त्यासाठी यंत्राला बंदिस्त आवरण, धूळ ओढणारे पंखे, ओल्याने काम आणि झाडूऐवजी योग्य गाळणीचे व्हॅक्यूम लागते. शेवटचा उपाय म्हणून या तंतूंसाठीच बनवलेला मास्क. हे सर्व पुरवण्याची जबाबदारी मालकाची आहे. कामाचे कपडे कारखान्यातच धुतले गेले पाहिजेत. ते घरी आणून झटकणे म्हणजे पत्नी व मुलांच्या श्वासात धूळ पेरणे होय.

घराच्या पत्र्याबाबत काही साध्या गोष्टी पाळाव्यात. धड पत्रा उगाच काढू नये. त्याला कटर लावू नये, घासू नये, लोखंडी ब्रशने शेवाळ खरवडू नये. काढायचाच झाला तर पाण्याने चांगला भिजवून, बोल्ट सोडवून, अखंड खाली उतरवावा, वरून फेकू नये. तुकडे ओले असतानाच जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावेत आणि त्यांची विल्हेवाट कशी लावायची हे नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीला विचारावे. फुटक्या पत्र्यांच्या ढिगावर मुलांना खेळू देऊ नये. नवे घर, सभागृह, शाळा किंवा विहार बांधताना मात्र अ‍ॅस्बेस्टॉसविरहित छप्परच घ्यावे. पत्रा घेताना दुकानदाराला तसे स्पष्ट विचारावे.

समारोप

ज्या वस्तूने कारखान्याच्या बॉयलरची उष्णता वाचवली, गाडीचा वेग आवरला आणि गरिबाच्या डोक्यावर छप्पर दिले, तिची किंमत शेवटी कोणी मोजली, याचा विचार समाजाने केला पाहिजे. ती किंमत पत्र्याच्या बिलात लिहिलेली नव्हती. ती कामगाराने आपल्या श्वासाने मोजली, आणि त्याच्या घरच्यांनी औषधाच्या चिठ्ठ्यांवर मोजली.

झालेले नुकसान भरून येणार नाही, पण पुढचे टाळता येईल. ज्यांचे झाले आहे त्यांना त्यांचा हक्क मिळवून देता येईल. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक संस्थेत दोन-चार सुशिक्षित तरुणांनी पुढाकार घेऊन आपल्या भागातील निवृत्त कामगारांची यादी करावी. कोण कोठे काम करत होता, कोणाला दम लागतो, कोणाची तपासणी झाली आहे, एवढे जरी एका वहीत लिहिले तरी ते मोठे काम होईल. ज्या पिढीने धूळ खाऊन आम्हाला शिकवले, तिच्यासाठी एवढे करणे हे आमचे कर्तव्यच आहे.